मदत हवी आहे: कॉलेज फुटबॉलमध्ये तगड्या कॉन्फरन्समध्ये असणं फायद्याचं की तोट्याचं?

मंडळी, आम्ही कोलंबस, ओहायोला राहतो. शनिवारी ओहायो स्टेट या इथल्या विद्यापीठाच्या संघाची (अमेरिकन) फुटबॉल मॅच असली की किराणा आणायला मॅच सुरू झाल्यावरच निघावं, रस्ते ओस पडलेले असतात. खेळाचे नियम आता कळतात, कॉन्फरन्स म्हणजे मुख्यतः आपसात खेळणारा कॉलेजांचा गट हेही कळलं, अडतंय ते पुढचं.

२०२४ चा हंगाम घ्या. ओहायो स्टेट आधी ओरेगनकडून ३२-३१ हरली, मग घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१०. (त्या दिवशी आमच्या गल्लीत सुतक होतं.) बिग टेन या आपल्याच कॉन्फरन्सच्या फायनललाही पोचली नाही. तरी बारा संघांच्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) टेनेसी, ओरेगन, टेक्सस आणि नोटर डेमला लोळवून राष्ट्रीय विजेती! उलट ९-३ ची (नऊ विजय, तीन पराभव) अलाबामा बाहेर आणि ११-१ ची इंडियाना आत. ऑफिसातले एसईसीवाले (अलाबामाच्या कॉन्फरन्सचे चाहते) अजून कुरकुरतात, की इंडियानाने हरवलं तरी कोणाला? मान्य, वेळापत्रक सोपं होतं. पण अलाबामा ज्या तिघांकडून हरली त्यातले व्हँडरबिल्ट आणि ओक्लाहोमा दोघेही ६-६ वाले निघाले!

मग माझा प्रश्न असा: कॉन्फरन्स तगडी असण्याचा बलाढ्य संघांना आता उपयोग होतो की उगाच दमछाक? आणि रिक्रुटिंगमध्ये (शाळांतले खेळाडू मिळवण्यात) दरवर्षी पहिल्या पाचात असणारे संघ असे कोणाकडूनही कसे हरायला लागले? जाणकारांनी कृपया समजावून सांगावं. त्या खेळाडूंच्या स्टार रेटिंगचे तक्ते नकोत, ते बघून झालेत.

प्रतिसाद १

तुमचे दोन्ही प्रश्न एकच आहेत. व्हँडरबिल्टचा तो क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू), डिएगो पाविया, आला कुठून? न्यू मेक्सिको स्टेटमधून, ट्रान्सफर पोर्टलने (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी). पूर्वी कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी ती अट गेली, त्याच वर्षी एनआयएलचे (खेळाडूचं नाव-चेहरा जाहिरातीत वापरण्याचे) पैसे सुरू झाले आणि २०२४ पासून कितीही वेळा बदला. निवडणुकीआधीची पक्षांतरं आठवा, फक्त इथे कोणी निष्ठेची भाषणं देत नाही.

बलाढ्य संघांची खरी ताकद बेंचवर असायची. २०१८ मध्ये जेलन हर्ट्स अलाबामात राखीव क्वार्टरबॅक म्हणून थांबला. एसईसीच्या फायनलमध्ये मुख्य क्वार्टरबॅक टुआ जखमी झाल्यावर त्यानेच जॉर्जियाविरुद्धची मॅच काढून दिली. आज असा खेळाडू हंगामाआधीच दुसरीकडे गेला असता. म्हणजे वरच्यांची बेंच गळते आणि तीच पोरं खालच्या संघांत जाऊन शनिवारी समोर उभी राहतात. तगडी कॉन्फरन्स म्हणजे पूर्वी तीन-चार कठीण मॅचेस असायच्या. आता सोपा शनिवार शोधावा लागतो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. गळती दोन्ही बाजूंनी असते हो! जानेवारी २०२४ मध्ये अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले आणि तिथला खेळाडू केलब डाउन्स गेला थेट ओहायो स्टेटला. विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आला, क्विनशॉन जडकिन्स ओले मिसहून. बकाय्सचं (म्हणजे ओहायो स्टेटचं) विजेतेपद पोर्टलमधून आलेल्यांच्या जिवावरच आहे.

कॉन्फरन्सचं म्हणाल, तर आधी टीव्हीचा पैसा बघा. बिग टेनचा फॉक्स, सीबीएस, एनबीसीशी सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वर आहे. म्हणून तर यूएससी, यूसीएलए, ओरेगन, वॉशिंग्टन तिकडे गेले आणि टेक्सस-ओक्लाहोमा एसईसीत. आधीच्या चौघांच्या जुन्या कॉन्फरन्समध्ये, पॅक-१२ मध्ये, तेव्हा उरले ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. त्यांचा काय दोष होता, कोण जाणे. तगड्या कॉन्फरन्समध्ये दोन पराभव जास्त होतील, पण पूर्वीच्या चार संघांच्या प्लेऑफमध्ये ते परवडायचे नाहीत, बारांच्यात परवडतात. तुमचीच टीम उदाहरण आहे. तीन पराभव मात्र अजून महाग पडतात.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार, बेंचचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. एक उपप्रश्न: २०२५ पासून कॉलेजं स्वतःच खेळाडूंना पैसे देतात ना, साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत? मर्यादा सगळ्यांना सारखी, मग आता तरी सगळे एका पातळीवर येतील का?

प्रतिसाद २

नाही वाटत. ती रक्कम सगळ्या खेळांची मिळून आहे आणि बाहेरचे एनआयएल करार त्यात धरत नाहीत. शिवाय मर्यादा गाठायलाही तिजोरीत तेवढे पैसे हवेत. बिग टेन आणि एसईसीवाले ते टीव्हीच्या वाट्यातून काढतील, बाकीच्यांना देणगीदारांच्या दारात जावं लागेल.