भ्रष्टाचाराला आवर घालण्यात काँग्रेस आणि भाजप यांत खरोखर फरक आहे का?

शिलालेख (चर्चाप्रस्ताव)

काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांपैकी कोणाचा कारभार अधिक स्वच्छ, हा वाद आपल्याकडे बहुधा घोटाळ्यांच्या याद्या समोरासमोर मांडून घातला जातो. एका बाजूने टूजी आणि कोळसा, तर दुसऱ्या बाजूने निवडणूक रोखे. या पद्धतीतील मोठी उणीव अशी, की उघडकीस आलेल्या प्रकरणांवरून भ्रष्टाचार किती झाला यापेक्षा तो पकडणारी यंत्रणा त्या काळात किती जागी होती, हेच अधिक कळते. म्हणून मी वेगळी कसोटी सुचवतो. सत्तेत असताना, आपल्यालाच पकडू शकेल अशा यंत्रणेशी तो पक्ष कसा वागला, हे पाहावे.

या कसोटीवर मला दोघांत स्वभावाचा फरक दिसत नाही. केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येतात असा आदेश दिला. तो ना काँग्रेसने पाळला, ना भाजपने. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, एका परदेशी समूहाशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन दोन्ही पक्षांनी परकीय योगदान कायद्याचा भंग केला, असा निर्वाळा दिला. त्यावर २०१६ च्या वित्त कायद्यातून परकीय स्रोताची व्याख्याच बदलण्यात आली आणि २०१८ मध्ये तो बदल थेट १९७६ पासून लागू करण्यात आला. लोकसभेत तो चर्चेविना मंजूर झाला. दुरुस्ती भाजपच्या सरकारने केली आणि तिचा लाभ काँग्रेसलाही मिळाला. एरवी प्रत्येक विषयावर भांडणारे हे दोन पक्ष स्वतःच्या हिशेबाचा प्रश्न आला की एकाच बाजूला उभे राहतात, ही गोष्ट मला अतिशय गंभीर वाटते.

उत्तरायण

आपली कसोटी अभ्यासकाला पटेल, परंतु सामान्य नागरिकाला भ्रष्टाचार भेटतो तो अनुदानाच्या यादीत आणि दाखल्याच्या खिडकीवर. सरकारने पाठवलेल्या रुपयातील पंधराच पैसे लोकांपर्यंत पोहोचतात, असे राजीव गांधी यांनी १९८५ मध्ये स्वतः म्हटले होते. २०१४ मध्ये जनधन खाती मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, ती आधारशी जोडली गेली आणि गॅसच्या अनुदानापासून शेतकऱ्यांच्या मदतीपर्यंतचे पैसे थेट खात्यात जाऊ लागले. मधल्या माणसाचा हात यातून जितका आखडला, तितका कोणत्याही चौकशी आयोगाने आखडलेला नाही.

दुसरे उदाहरण कोळशाचे. मर्जीने होणारे खाणपट्ट्यांचे वाटप थांबून २०१५ च्या कायद्याने लिलाव सुरू झाले. भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे २०१० मध्ये दूरसंचारमंत्र्यांना आणि २०१३ मध्ये रेल्वेमंत्र्यांना पद सोडावे लागले, तशी वेळ २०१४ नंतर केंद्रात आलेली नाही. दोघांना एकाच मापाने मोजणे हा चांगले काम करणाऱ्यावर अन्याय आहे.

पाणवठा

मीही दोघांना सारखे मानत नाही, मात्र माझे कारण उलट आहे. ज्या कायद्यामुळे सरकारच्या फायली नागरिकाच्या हाती आल्या, तो माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने केला, आणि पुढे त्याच कायद्याने त्या सरकारला अडचणीत आणले. रोजगार हमीच्या कामांचे ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावकऱ्यांनीच हिशेब तपासणे, त्याच वर्षीच्या कायद्यात आले. लोकपाल कायदाही, जनआंदोलनाच्या रेट्याने का होईना, २०१३ च्या अखेरीस त्यांच्याच काळात संमत झाला.

त्यानंतर काय झाले? पहिला लोकपाल नेमला जाण्यास मार्च २०१९ उजाडला. त्याच वर्षी माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे घेतला. निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचे नाव मतदारापासून लपवले, आणि २०१७ च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या देणग्यांवरील, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली नसती, तर ती आजही चालू असती. मंत्र्यांचे राजीनामे झाले नाहीत याचा अर्थ गैरव्यवहार झाले नाहीत असा घेता येत नाही. राजीनामा मागण्याइतका दबाव निर्माण करणाऱ्या संस्था दुबळ्या झाल्या असल्या तरी राजीनामे थांबतात.

शिलालेख

दोघांच्याही मुद्द्यांत तथ्य आहे, पण दोन्ही चित्रे अर्धी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १९९३ पासूनचे कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप बेकायदा ठरवले आणि २१८ पैकी २१४ पट्टे रद्द केले. त्या कालखंडात वाजपेयी सरकारची वर्षेही येतात. लिलाव सुरू झाले ते या निकालानंतर. थेट खात्यात अनुदान देण्याचा प्रारंभही जानेवारी २०१३ चा आहे, जरी त्याचा विस्तार नंतरच्या सरकारने केला, हे मान्य करावेच लागेल. दुसरीकडे, माहिती अधिकार देणाऱ्या त्याच सरकारने जून २०११ मध्ये सीबीआयला त्या कायद्यातून वगळले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये राजकीय पक्षांना वगळण्याचे विधेयक लोकसभेत मांडले. सीबीआय हा पिंजऱ्यातील पोपट आहे, हे सर्वोच्च न्यायालयाचे उद्गारही मे २०१३ चे आहेत.

माझे म्हणणे सर्वांत स्पष्ट होते ते कर्नाटकात. तेथील लोकायुक्तांकडे स्वतःचे पोलीस दल होते आणि खटला उभा करण्याची ताकद होती. बेकायदा खाणकामाविषयीच्या त्यांच्या अहवालानंतर जुलै २०११ मध्ये भाजपचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पायउतार व्हावे लागले. (२०१६ मध्ये सीबीआय न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, हेही नोंदवले पाहिजे.) बेकायदा खाणींविरुद्ध पदयात्रा काढणारी काँग्रेस २०१३ मध्ये सत्तेवर आली. तिने या लोकायुक्तांना अधिक बळ द्यायला हवे होते. प्रत्यक्षात मार्च २०१६ मध्ये सरकारच्या अखत्यारीत वेगळे लाचलुचपत प्रतिबंधक पथक स्थापन झाले आणि लोकायुक्तांच्या पोलिसांचे अधिकार गेले. भाजपने त्यावर टीका केली. २०१९ मध्ये भाजपचे सरकार आले, तरी ते पथक कायम राहिले. अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केले. सत्तांतर दोनदा झाले, आणि तरीही दुरुस्ती न्यायालयालाच करावी लागली.

मुक्तछंद

कर्नाटकचे उदाहरण बिनतोड आहे, पण त्यावरून ‘दोघेही सारखेच’ या निष्कर्षाला येण्याला माझा ठाम विरोध आहे. हे वाक्य सत्ताधाऱ्याला सर्वांत सोयीचे असते, कारण ते एकदा मतदाराच्या मनात रुजले की उत्तर देण्याची गरजच उरत नाही. काल ज्याच्यावर आरोप केले त्याला आज पक्षात घेता येते. महाराष्ट्रात आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २०१० मध्ये काँग्रेसच्या ज्या मुख्यमंत्र्यांना, म्हणजे अशोक चव्हाण यांना, पद सोडावे लागले, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये भाजपमध्ये गेले आणि राज्यसभेवर निवडून आले. त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाले आहेत असे मी म्हणत नाही. ते आरोप वर्षानुवर्षे करणाऱ्या पक्षाने त्यांचे पुढे काय झाले हे मतदारांना सांगायला हवे होते, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हे विचारायचे तर ज्याच्या हाती आज सत्ता आहे त्यालाच आधी विचारावे लागते. दोन्ही पक्षांना एकदम प्रश्न विचारला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

उत्तरायण

प्रश्न आधी सत्ताधाऱ्याला विचारावा, हे मला मान्य आहे. लोकपालाच्या नेमणुकीला मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता नसल्याची अडचण सांगितली गेली, परंतु कायदा आहे त्या स्थितीत राबवता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये सांगितल्यानंतरही जवळजवळ दोन वर्षे गेली. या दिरंगाईचे समर्थन माझ्याकडे नाही.

तरीही माझे मूळ मत बदललेले नाही. ज्या विधवेचे निवृत्तिवेतन पूर्वी तीन हातांतून जात असे आणि आता तिच्या खात्यात जमा होते, तिच्यासाठी कारभार सुधारला आहे, आणि लोकपाल उशिरा नेमला गेला म्हणून ही सुधारणा खोटी ठरत नाही. कारभार आणि उत्तरदायित्व यांचे गुण वेगवेगळे द्यावेत. पहिल्यात मी भाजपला वर ठेवीन, आणि दुसऱ्यात पाणवठा यांनी मांडलेल्या मुद्द्यांना उत्तर देणे मला कठीण जाते.