अनुभव धागा: घरची आंबा-अननस स्मूदी, कशी जमते आणि कुठे बिघडते

गोदाकाठ
नाशिकच्या पेठ रोडच्या फळबाजारात आज अननसाच्या ढिगाशेजारून जाताना तो वास आला आणि दुधात फिरवलेल्या अननसाची जुनी कडू चव थेट जिभेवर आली. केशर आंबा सुरू झालाय, ऊन चाळिशीला टेकलंय, आता घरोघरी मिक्सर फिरणार. म्हणून धागा काढते. आपापलं प्रमाण लिहा, बिघडतं कुठे तेही लिहा.

सुरुवात माझ्या प्रमाणाने. दोन मोठे ग्लास: गोठवलेल्या आंब्याच्या फोडी २०० ग्रॅम, गोठवलेलं एक केळं, अननस १०० ग्रॅम, नारळाचं दूध २०० मिली, चिमूटभर मीठ. बर्फ नाही. साखर नाही. गारवा फळातूनच आला पाहिजे. बर्फ घातला की पहिला घोट छान लागतो आणि अर्ध्या ग्लासापासून पुढे रंगीत पाणी.

सिडको_सहा
बर्फाबद्दल +१. वाचणखूण साठवली.

पाकशाळा
कडूपणाचं कारण सांगते, कारण दर उन्हाळ्यात हाच प्रश्न येतो. न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन असतं, पपईत पपेन. दोन्ही प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स. दुधातलं केसीन हे प्रथिन तुटलं की त्याचे जे लहान तुकडे होतात ते कडू लागतात. दही आणि चक्क्यातही केसीनच असतं, त्यामुळे दही घालून सुटका नाही. लगेच प्यायलं तर कळत नाही, पण १५-२० मिनिटं ठेवलं की कडवट, आणि तासाभराने वर पाणी व खाली चोथा. लोक म्हणतात दूध नासकं होतं. दूध चांगलंच असतं.

उपाय दोन. एक, नारळाचं दूध किंवा शहाळ्याचं पाणी. त्यात केसीन नाही. दोन, दूध-दहीच हवं असेल तर अननसाच्या फोडी त्यांच्याच रसात ५ मिनिटं उकळून, पूर्ण गार करून मग गोठवा. उकळल्यावर ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातल्या अननसाने दूध कडू होत नाही, कारण तो आधीच तापवलेला असतो. नुसतं गोठवून मात्र काही होत नाही! एन्झाइम थंडीत झोपतं, मरत नाही. फोडी वितळल्या की परत कामाला लागतं.

पपेन उष्णतेला जास्त चिवट, म्हणून पपई उकळण्याच्या भानगडीत पडू नका. पपईला संत्र्याचा रस आणि लिंबू, बस्स.

द्राक्षवेल
आणि आलं. कच्च्या आल्यानेही दूध फाटतं, तेही तसल्याच एन्झाइमने. थंड स्मूदीत किसलेलं आलं हवं असेल तर नारळाच्याच दुधात घाला. दुधात सुंठ.

मखमलाबादची_सून
डाळ शिजतेय तोवर पटकन लिहिते. फोडी गोठवताना डब्यात कोंबू नका, दगड होतो आणि मग सुरीने फोडत बसावं लागतं. ताटावर बटर पेपर, त्यावर फोडी एकमेकींना न चिकटता एका थरात, ४ तास फ्रीजरला, मग पिशवीत. पिशवीतली हवा दाबून काढायची. फोड २ सेंटीमीटरच्या आसपास. केळं सोलून, चकत्या करून. सालीसकट गोठवलेलं केळं नंतर सोलता येत नाही, साल काळी पडून लगद्यासारखी चिकटते.

कुकरची शिट्टी झाली, आले.

जेलरोड_मिक्सर
दुरुस्तीच्या टेबलावरून लिहितो. उन्हाळ्यात येणाऱ्या मिक्सरमध्ये तीन गोष्टी हमखास.

पहिली: तुटलेला कपलर, म्हणजे मोटरच्या डोक्यावरचं ते दातेरी फूल. गोठलेला गोळा पात्याखाली अडकतो, मोटर फिरू बघते, भांडं फिरू देत नाही, आणि मधला कपलर दात सोडतो. तो मुद्दाम मऊ केलेला असतो, मोटर वाचावी म्हणून. स्वस्तात बदलून मिळतो, फक्त जुना तुकडा सोबत न्या, प्रत्येक कंपनीचा वेगळा.

दुसरी: "मिक्सर बंदच पडला." उलटा करा, तळाला छोटं लाल बटण असतं. ताण जास्त झाला की ते बाहेर येतं. प्लग काढा, भांडं रिकामं करा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, मग दाबा. लगेच दाबून परत भरल्या भांड्याने चालवला की वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळण्याची पाळी येते.

तिसरी: भांड्याच्या तळातून काळपट पाणी. पात्याचा बुश (दांड्याभोवतीची कडी) झिजलाय, सील गेलंय. ते पाणी वापरू नका आणि तसं भांडंही वापरू नका. बुश बदलता येतो.

भरण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पातळ, मग मऊ फळ, सगळ्यात वर गोठलेलं. उलटं भरलं की पात्याभोवती हवेची पोकळी होते, पातं मोकळं गरगरतं आणि वरचं तसंच. आवाज एकदम हलका झाला तर समजा पोकळी झाली. थांबा, झाकण उघडून चमच्याने खाली दाबा (प्लग काढून!), दोन चमचे पातळ घाला. नॉब डावीकडे फिरवून पल्सचे पाच-सहा झटके, मग एक नंबरवर २० सेकंद, १० सेकंद विश्रांती, मग दोन नंबरवर २० सेकंद. तीन नंबरवर न्यायची गरज नाही. जास्त फिरवलं तर हवा भरते, फेस वर आणि पाणी खाली असे थर होतात, शिवाय घर्षणाने गारवा जातो. भांडं दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

५०० वॅटचा मिक्सर असेल तर फोडी ५-७ मिनिटं बाहेर ठेवून मग घाला. ७५० वॅटला गरज नाही.

गोदाकाठ
दादा, हे छापून ओट्यावर लावण्यासारखं आहे. काळ्या पाण्याचं फार जणांना माहीत नसतं, फळाचा रंग समजतात.

पंचवटी_ईस्ट
म्हणजे आपलं शिकरणच ना हे, दाट केलेलं?

पाकशाळा
काका, नात्यातलंच आहे 🙂 शिकरणात केळं हाताने कुस्करतात, दूध-साखर-वेलची, आणि फोडी दाताखाली आल्या पाहिजेत. स्मूदीत सगळं एकजीव.

पंचवटी_ईस्ट
मग पोळीशी शिकरणच बरं.

द्राक्षवेल
पोळीशी शिकरणाला तोड नाही, मान्य. पण अननसाचं शिकरण कुणी करू नका, कारण वर आलंय.

नाशिकरोडकर
फ्रीजमधलं नारळाचं दूध काढून केली तर स्मूदीत पांढरे तुपकट कण येतात, जिभेला मेणासारखे लागतात. गाळून जात नाहीत. काय चुकतंय?

मखमलाबादची_सून
नारळाची चरबी साधारण २४ अंशांखाली घट्ट होते. फ्रीजमध्ये ती वर थर धरते, आणि गोठलेल्या फळाबरोबर फिरवली की लोणी निघतं तसे कण निघतात. दूध आधी बाहेर काढून ठेवायचं आणि कोमट पाण्यात वाटी धरून पातळ करायचं. मग अर्धं केळं न गोठवलेलं घेऊन त्या दुधात आधी फिरवायचं, नुसतं तेवढंच, १५ सेकंद. केळ्यात चरबी छान मिसळून राहते. त्यानंतर गोठलेल्या फोडी.

घरी काढताना: एका मध्यम नारळाचा चव, १ वाटी कोमट पाणी (उकळतं नको), एक मिनिट फिरवून सुती फडक्यातून पिळायचं. हे घट्ट दूध. त्याच चोथ्यात परत पाऊण वाटी पाणी घालून दुसरं पातळ दूध. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून स्मूदीला घ्या. नुसतं घट्ट दूध वापरलं की कण जास्त आणि पोटालाही जड.

नाशिकरोडकर
कोमट पाण्यात वाटी धरून आत्ताच केली. कण नाहीत. आभार ताई.

सातपूर_शिफ्ट
पेरू घालतं का कुणी? बियांमुळे रवाळ लागते.

द्राक्षवेल
पेरू वेगळा फिरवा. लाल गराचा पिकलेला पेरू, फोडी करून, अर्धी वाटी पाणी, एक नंबरवर जेमतेम १५ सेकंद, मग पिठाच्या चाळणीतून चमच्याने दाबून गाळा. वेग वाढवला की बिया फुटतात आणि फुटलेली बी गाळली जात नाही. तो रवाळपणा तिथूनच येतो. पॅशन फ्रूटचंही हेच, गर चाळणीवर घासून घ्या, बिया मिक्सरला दाखवू नका.

सीताफळाच्या बिया तर अजिबात नाही. त्या विषारी असतात, डोळ्यात गेल्या तर फार आग होते. गर हाताने सुटा करून शेवटी चमच्याने ढवळायचा.

गंगापूर_रोड_७२
आयुर्वेदात दूध आणि फळ विरुद्ध आहार सांगितलाय. घरात मोठी माणसं पीत नाहीत त्यामुळे.

गोदाकाठ
म्हणूनही नारळाचं दूध सोयीचं, मावशी. सगळ्यांना एकाच भांड्यातून देता येते.

सेवाभावी_परिचारिका
एक विनंती. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ही स्मूदी सहज म्हणून देऊ नका. केळं, शहाळ्याचं पाणी, आंबा, नारळाचं दूध, सगळ्यात पोटॅशियम आहे आणि एका ग्लासात ते एकदम जातं. डॉक्टरांना विचारूनच. मधुमेह असेल तर अख्खी फोड चावून खाणं कधीही बरं. ग्लासात दोन-अडीच फळं पाच मिनिटांत संपतात, ताटात तेवढी कुणी खात नाही.

मखमलाबादची_सून
हे फार गरजेचं लिहिलंत. उन्हाळ्यात पाहुण्यांना न विचारता ग्लास पुढे करतात.

सिडको_सहा
गोडी कमी लागते त्याचं काय? आंबा गोड होता, स्मूदी मिळमिळीत.

पाकशाळा
गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. म्हणून फोड गोठवण्याआधी चाखताना ती नेहमीपेक्षा थोडी जास्तच गोड वाटली पाहिजे. कमी असेल तर साखरेऐवजी बिया काढलेले दोन खजूर, १५ मिनिटं कोमट पाण्यात भिजवून, पातळाबरोबर तळाला. आणि ते चिमूटभर मीठ वगळू नका, चव त्यानेच उघडते. अर्धा चमचा लिंबूरस घातला तर आंब्याचा रंगही टिकतो.

रायवळ (दोरांचा गावठी) आंबा असेल तर रस काढून गाळून, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दोर पात्याला गुंडाळले जातात.

पंचवटी_ईस्ट
अननस पिकलेला कसा ओळखायचा? पानं ओढून बघतात ते खरं का?

गोदाकाठ
पानांवर भरवसा नको, काका. बुडाला वास घ्या. गोड वास हवा, आंबूस-दारूसारखा आला तर उतरलाय. बुडाकडून पिवळा चढलेला, हाताला जड. झाडावरून काढल्यावर अननस पुढे गोड होत नाही, त्यामुळे हिरवा आणून घरी पिकवू म्हणणं फुकट. आंबा, केळं, पपई घरी पिकतात, तो नाही. कापल्यावर मधला कडक दांडा काढा, तोच चोथा करतो आणि त्यात ब्रोमेलेनही भरपूर.

पंचवटी_ईस्ट
उद्या बुधवार, गंगेवरच्या (गोदावरीकाठच्या) बाजारात बघतो.

सातपूर_शिफ्ट
सकाळी करून डब्यात नेली तर चालेल का? पहिल्या पाळीला सहाला निघावं लागतं.

मखमलाबादची_सून
केलेली नेऊ नका, काळवंडते आणि थर सुटतात. रात्रीच मापाच्या फोडी एका छोट्या पिशवीत भरून फ्रीजरला ठेवा. सकाळी पातळ ओता, पिशवी रिकामी करा, फिरवा, पिऊनच निघा. तीन मिनिटं.

सातपूर_शिफ्ट
वेलची केळी आहेत घरात. एकाऐवजी किती?

मखमलाबादची_सून
तीन. साल पातळ आणि पूर्ण पिवळी झालेली घ्या, हिरवी छटा असेल तर घशाला तुरट लागते.