मदत हवी आहे : जुन्या ब्रिटिश सीगल आउटबोर्ड इंजिनाची नेमकी ओळख आणि हरवलेले भाग

नमस्कार मंडळी,

जयगडच्या खाडीकाठी आमचे जुने घर आहे. तिथल्या माळ्यावर, सुपारीच्या पोत्यांमागे, जवळजवळ तीस वर्षे पडून असलेले एक आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) मी गेल्या पावसाळ्यात खाली उतरवले. ते माझ्या थोरल्या काकांचे. मुंबईत गोदीत नोकरीला असताना त्यांनी ते दारूखाना भागातल्या भंगारबाजारातून विकत घेतले, एसटीच्या टपावर बांधून गावी आणले आणि पुढे बरीच वर्षे आमच्या लहान होडीला लावून वापरले. रात्री पैलतीरावरून परतताना त्याचा आवाज लांबूनच ओळखू येई आणि आजी चुलीवर चहाचे आधण ठेवत असे. काका आता 84 वर्षांचे आहेत. ते हयात असताना हे इंजिन एकदा तरी खाडीत चालावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी ओळखीबद्दल. पेट्रोलची टाकी पितळेची, आडव्या नळकांड्यासारखी आहे. तिच्यावरचा छाप बहुतेक उडून गेला असला, तरी तिरक्या उजेडात 'पूल, डॉर्सेट' ही अक्षरे वाचता येतात. इंग्लंडमधल्या याच गावी ब्रिटिश सीगलचा कारखाना होता, त्यामुळे इंजिन त्या कंपनीचे आहे याविषयी मला शंका नाही. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, वर उघडे फ्लायव्हील (फिरणारे जड चाक) आणि त्यात दोरीची गाठ अडकवण्यासाठी खाच, अशी त्याची रचना आहे. न्यूट्रल नाही, इंजिन सुरू झाले की पाण्यातला पंखा फिरतो. पंख्याला पाच पाती आहेत. हेड काढून मोजले तेव्हा सिलिंडरचा आतला व्यास 57 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 40 मिलिमीटर भरली, म्हणजे क्षमता साधारण 102 घनसेंटिमीटर झाली. याच कंपनीची 'फॉर्टी' मालिका 64 घनसेंटिमीटरची होती, त्यामुळे ती बाद होते आणि हे 'सेंच्युरी' घराण्यातले असावे असा निष्कर्ष मी काढला आहे. क्रँककेसवर (सिलिंडरखालच्या कवचावर) ठोकलेल्या क्रमांकाची पहिली अक्षरे खाऱ्या हवेने खाऊन टाकली आहेत. उरले आहेत चार आकडे आणि शेवटी 'सी 7'. शेवटचे अक्षर महिन्याचे आणि अंक वर्षाचा असे धरले, तर हे मार्च 1967 चे ठरते. माझा पहिला प्रश्न असा, की सुरुवातीची अक्षरे वाचता येत नसताना साधे सेंच्युरी आणि सिल्व्हर सेंच्युरी यांतला फरक बाहेरून कोणत्या खुणेवरून ओळखावा? भाग मागवण्याआधी हे ठरणे मला अत्यावश्यक वाटते, कारण चुकीचा कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणून तो कसाबसा बसवण्याची माझी तयारी नाही.

पिस्टन पूर्ण अडकला होता. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचे तेल समप्रमाणात मिसळून मी ते प्लगच्या भोकातून ओतले आणि बारा दिवस रोज थोडे थोडे भरत राहिलो. तेराव्या दिवशी फ्लायव्हील हाताने केसभर हलले, तेव्हा मी अक्षरशः खाली बसलो. आता ते मोकळे फिरते, दाबही चांगला जाणवतो. सिलिंडरला एक उभा ओरखडा आहे, पण त्यात नख अडकत नाही, म्हणून तो तसाच ठेवणार आहे.

मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाचे, चुंबक अजून जोरदार आहेत. फ्लायव्हील काढून ठेवताना ते क्षीण होऊ नयेत म्हणून आत लोखंडी पट्टी लावून ठेवली. पॉइंट्स (ठिणगीच्या वेळी विजेची जोडणी तोडणारे संपर्क) बारीक पॉलिश पेपरने साफ केले, फट 0.5 मिलिमीटर ठेवली, कंडेन्सर जुन्या स्कूटरचा बसवला. तरीही ठिणगी नाही. मीटर लावल्यावर कॉइलचे प्राथमिक वेढे ठीक निघाले, दुय्यम वेढे मात्र तुटलेले आहेत. अशी कॉइल पुन्हा गुंडाळून देणारे, विश्वासाचे कोणी कारागीर मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर परिसरात आहेत का? असल्यास कृपया खासगी निरोप पाठवावा.

हरवलेल्या भागांत सर्वांत महत्त्वाचे दोन आहेत. कार्ब्युरेटर अख्खाच गायब आहे. त्याच्यासोबत थ्रॉटलची केबल, दांडी आणि पेट्रोलची तोटीही गेली आहे. दुसरा भाग म्हणजे पंख्यामागची स्प्रिंग. सीगलमध्ये शाफ्टची ताकद याच स्प्रिंगमधून पंख्याला मिळते आणि पंखा खडकाला आपटला तर बसणारा हिसका तीच झेलते. आमच्या इंजिनात तिच्या जागी कोणीतरी वळवलेली जाड तार अडकवली आहे. एका मेस्त्रींनी पंख्यातून आरपार भोक पाडून खिळा मारण्याचा सल्ला दिला. मी तो नम्रपणे नाकारला, कारण मग तोच हिसका थेट गिअरच्या दातांवर जाईल, आणि आमच्या खाडीत ओहोटीला खडक वर येतात. ज्यांच्याकडे 102 घनसेंटिमीटरचे सीगल आहे त्यांनी त्या स्प्रिंगच्या तारेची जाडी, वेढ्यांची संख्या, आतला व्यास आणि वेढ्यांची दिशा मोजून कळवली, तर रत्नागिरीत स्प्रिंग बनवून घेता येईल.

तेलाविषयीही मार्गदर्शन हवे आहे. या जुन्या इंजिनांना दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल लागत असे, कारण क्रँकशाफ्ट साध्या बुशांमध्ये फिरतो आणि त्यांना वंगण याच मिश्रणातून मिळते. पुढे 25 ला 1 या प्रमाणासाठी कार्ब्युरेटरमध्ये बदल केले गेले. मला जुन्या प्रमाणाचाच कार्ब्युरेटर मिळाला, तर धूर सहन करून 10 ला 1 वरच राहावे, असा माझा कल आहे. शिवाय आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या तोटीतल्या बुचाच्या सीलवर त्याचा काय परिणाम होतो, याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

गिअरबॉक्समधले तेल दुधाळ निघाले, पण या इंजिनांत पाणी थोडे शिरतेच असे वाचल्यामुळे त्याची चिंता केलेली नाही. ट्रॅक्टरसाठी मिळणारे 140 नंबरचे तेल भरून ठेवले आहे.

टाकी, क्रमांक, कार्ब्युरेटर बसण्याची नळी आणि पंख्याचा शाफ्ट यांची छायाचित्रे मापपट्टीसह खाली जोडली आहेत. आणखी एखादे माप हवे असल्यास सांगावे. मी दर शनिवारी गावी असतो, त्याच दिवशी मोजून कळवेन.