मदत हवी आहे: लंबाडाचा ब्राझिलियन झूक होताना पाऊल कसं बदललं?

आमच्या नृत्यवर्गाच्या कार्यक्रमात ब्राझिलियन झूकच्या इतिहासावर दहा मिनिटं बोलायचंय. बराचसा धागा लागलाय. ब्राझीलच्या पारा राज्यातला कारिंबो हा लोकनृत्य-संगीताचा प्रकार, त्यात मिसळलेलं कॅरिबियन संगीत, त्यातून लंबाडा हा जोडीचा नाच, मग बाहियातलं पोर्तो सेगुरो आणि १९८९ मध्ये काओमा या बँडच्या गाण्याने जगभर उडवलेली धमाल. ('घायल'मधल्या गाण्यामुळे ती चाल आपल्याकडेही पाठ आहे.) लाट ओसरली, नवी लंबाडा गाणी येईनाशी झाली, तेव्हा नाचणाऱ्यांनी ग्वादलुप-मार्टिनिक या कॅरिबियन बेटांचं झूक संगीत धरलं. नाव तिकडचं, नाच मात्र ब्राझीलचाच. हे मला ठासून सांगायचंय, कारण कॅरिबियन झूक आणि ब्राझिलियन झूक सर्रास एकच समजले जातात.

अडलंय ते पावलांत. जुने लंबाडाचे व्हिडिओ निम्म्या वेगाने पाहिले: जोडी सतत गोल फिरते, गुडघे मऊ, आणि बाईचे केस गिरकी संपल्यावरही क्षणभर हवेत राहतात. ब्राझिलियन झूकच्या रिओ शहरातल्या शैलीत मात्र एक लांब पाऊल, मग दोन झटपट, आणि चाल बरीचशी सरळ रेषेत. गाणी संथ झाली म्हणून हे घडलं असावं, पण तेवढ्याने सरळ रेषेचा उलगडा होत नाही.

पोर्तुगीज येत नाही, इंग्रजी चालेल. कॅरिबियन झूकची माहिती नकोय. रिओच्या शैलीतल्या शिक्षकांकडे कुणी शिकलंय का? गोलातून रेषेत येण्याचं कारण ते काय सांगतात?