शिकागोचा जुना जनावरांचा बाजार: आबांना काय दाखवू?

माणकाठ
नमस्कार मंडळी. आबा (वडील) दोन महिन्यांसाठी आमच्याकडे शिकागोला आलेत. वय ७४. सगळी हयात सांगोल्याच्या बाजारात खिल्लार बैलांच्या सौद्यात गेली. दात बघायचे, चालवून बघायचं, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. इथली तळ्याकाठची गर्दी, उंच इमारती सगळं दाखवलं, पण मन लागेना. परवा बोलता बोलता म्हणालो, या शहरात एके काळी फार मोठा जनावरांचा बाजार भरायचा. ताडकन उठून बसले. "मग आदी तिकडं न्यायचं न्हाय व्हय?"

आता तिथे बघण्यासारखं काय उरलंय? आणि एक अडचण आहे. आबा माळकरी आहेत. नेऊ की नको?

हाल्स्टेडकर
न्याच. मी बरीच वर्षं त्या भागाजवळ राहतो, पाहुण्यांना आवर्जून नेतो. फक्त दावणी बघायला मिळतील अशी आशा दाखवू नका. बाजार ३० जुलै १९७१ ला रात्री बारा वाजता कायमचा बंद झाला. आता तिथे गोदामं आणि छोटे कारखाने आहेत. उरली आहे ती वेस. एक्स्चेंज अॅव्हेन्यू आणि पिओरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर चुनखडी दगडाची तीन कमानींची वेस, १८७०च्या दशकातली. बर्नहॅम आणि रूट या वास्तुरचनाकारांनी ती बांधली असं मानतात. ऑरेंज लाइनने हाल्स्टेड स्टेशनला उतरा, तिथून ८ नंबरची बस दक्षिणेकडे.

मधल्या कमानीवर दगडात कोरलेलं बैलाचं तोंड आहे. त्याला 'शर्मन' म्हणतात. बाजार उभा करणाऱ्यांतले जॉन शर्मन यांच्यावरून ते नाव पडलं. आबांना तिथे उभं करा आणि गप्प राहा. जनावर पारखणारा माणूस त्या तोंडाकडे कसा बघतो ते मला तुमच्याकडून ऐकायचंय.

बाजाराचा इतिहास थोडक्यात सांगतो, तिथे त्यांना सांगायला उपयोगी पडेल. आधी शहरात ठिकठिकाणी छोटे बाजार होते आणि कळप भर रस्त्यातून हाकत न्यावे लागत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात मिसिसिपी नदीचा दक्षिणेकडचा व्यापार तुटला आणि सगळा माल रेल्वेने शिकागोकडे वळला. मग नऊ रेल्वे कंपन्यांनी मिळून शहराबाहेरची ३२० एकर दलदल १ लाख डॉलरला घेतली, पाणी काढून तिथे कोंडवाडे आणि रूळ घातले आणि २५ डिसेंबर १८६५ ला, ऐन नाताळात, युनियन स्टॉकयार्ड सुरू केलं. पुढे ते ४७५ एकरांवर गेलं.

आबांना सगळ्यात जास्त रस सौद्यात असेल. शेतकरी माल अडत्याच्या नावे रेल्वेत चढवायचा. अडत्याचे स्वतःचे कोंडवाडे. सकाळी कारखान्यांचे खरेदीदार घोड्यावर बसून कोंडवाड्यांमधल्या गल्ल्यांतून फिरायचे, वरून जनावर बघायचे, भाव बोलायचे. रुमाल नव्हता, पण तोंडी शब्दावर सौदा व्हायचा आणि तो मोडला जात नसे. मग जनावर काट्यावर. भाव शंभर पौंडांवर. पैसे द्यायला आवारातच बँक. आपल्याकडे दात आणि चाल बघतात, इथे वजन, कारण इथलं जनावर औताला जुंपायचं नव्हतं.

रानवारा
दादा, म्हणूनच मला वाटतं, माळकरी माणसाला मांसाचं काही सांगूच नये. बाजार होता, एवढंच सांगा. बिचाऱ्यांचा जीव कशाला दुखवायचा?

हाल्स्टेडकर
रानवारा, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला पटत नाही. ज्याने आयुष्यभर जनावर ओळखलं त्याला फसवू नये. घरीच, निघण्याआधी सांगा की हा कत्तलीचा बाजार होता. नको म्हणाले तर नको. स्विफ्ट, आर्मर या मांस कंपन्यांचे कारखाने शेजारीच होते. बर्फाने गार ठेवलेले रेल्वेचे डबे आल्यावर जिवंत जनावराऐवजी इथूनच मांस पूर्वेकडे जाऊ लागलं. हे वगळलं तर तो बाजार एवढा मोठा का झाला तेच कळत नाही. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' कादंबरीने तिथल्या कामगारांचे हाल आणि घाण जगापुढे आणली आणि त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. संपला कसा, हेही ते विचारतील. ट्रक आले, महामार्ग झाले, कारखाने पश्चिमेला जनावरांच्या जवळ गेले. अडत्याकडे माल येईनासा झाला.

शेवंती
ताई म्हणून दोन व्यवहाराच्या गोष्टी. वेशीपाशी खाण्याची सोय हाताशी नाही, दशमी-चटणी आणि पाणी बरोबर घ्या. वारा बोचतो, आबांना कानटोपी द्या. वेशीच्या मागे अग्निशमन दलाचं स्मारक आहे ते चुकवू नका. २२ डिसेंबर १९१० ला तिथल्या एका मांसाच्या कारखान्याला आग लागून भिंत कोसळली आणि २१ जवान गेले, त्यांचा प्रमुखही त्यात होता.

माणकाठ
काल जाऊन आलो. सगळं आधी सांगितलं होतं. आबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "बाजार तो बाजार. बगून तर येऊ."

वेशीखाली टोपी काढून उभे राहिले. वर बघितलं. "त्वांड चांगलं घडीवलंय. कपाळ रुंद हाय." मग दगडावरून तळवा फिरवत कमानीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, पावलं मोजत. स्मारकाला हात जोडले. सौद्याचं सगळं ऐकून घेतलं. घोड्यावरून जनावर बघतात हे काही केल्या पटेना: "खाली उतरल्याबिगर खूर कसा दिसंल?"

परतताना बसमध्ये २०२२ चं काढलं. लम्पीमुळे बाजार बंद होते, तेव्हा सवयीने सकाळी उठून मोकळ्या मैदानात जाऊन उभे राहायचे. हे मला माहीत नव्हतं.

आता एकच प्रश्न धरून बसलेत. एवढ्या जनावरांना पाणी कुठून, आणि घाण जायची कुठं?

हाल्स्टेडकर
वाचून डोळे भरून आले. आबांना नमस्कार सांगा, खुराचा मुद्दा अगदी खरा आहे.

घाण जायची नदीच्या दक्षिण फाट्यात. तळाशी साचून कुजायची आणि वर बुडबुडे यायचे, म्हणून त्या फाट्याचं नावच बबली क्रीक पडलं. बुडबुडे अजून येतात. एलिनॉर स्ट्रीटवर ५७१ नंबरचं उद्यान आहे, तिथल्या बोटहाऊसजवळून पाणी दिसतं. ऑरेंज लाइनच्या अॅशलँड स्टेशनवरून चालत जाता येतं. शनिवारी मी मोकळा आहे, येऊ का बरोबर?

माणकाठ
या की. आबा म्हणतात, दशमी जास्तीची घेतो.