पाणी तापवायच्या रॉडवरचं आयएसआय चिन्ह खरं की खोटं?

महालकर
थंडी पडली की नागपुरात बर्डीवर पाणी तापवायचे रॉड हातगाडीवरसुद्धा मिळतात. चिन्ह सगळ्यांवर असतं, भावात मात्र बराच फरक. वसतिगृहासाठी घ्यायचे आहेत. चिन्ह खरं आहे हे कसं ओळखायचं? आणि खोटं निघालं तर नुसते पैसे परत नकोत, तो माल बाजारातून उचलला गेला पाहिजे. त्यासाठी कुठे जायचं?

वायरमन_धरमपेठ
चिन्ह छापायला काहीच लागत नाही, तेव्हा आकडे बघा. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो; रॉडसाठी आयएस ३६८. तिथे ३६६ दिसला तर तो इस्त्रीचा आहे. खाली ‘सीएम/एल’ आणि परवाना क्रमांक. हा क्रमांक बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो, हे चिन्ह देणारी संस्था) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. क्रमांक सापडला म्हणून लगेच खूश होऊ नका, बरेचदा दुसऱ्याच कारखान्याचा खरा क्रमांक उचलून छापलेला असतो. उत्पादकाचं नाव-पत्ता, ब्रँड, मानक आणि परवान्याची मुदत, सगळं खोक्याशी जुळलं पाहिजे.

१५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो. त्याला ६ अँपिअरची पिन किंवा बारीक वायर असेल तर घेऊच नका. दोन पिनांचा तर मुळीच नाही, कारण अर्थिंगच नाही. स्वस्त रॉडमध्ये नळीच्या तोंडाचं सील कच्चं असतं. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते आणि करंट नळीवर येतो. साध्या मल्टिमीटरवर हे कळेलच असं नाही, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावा. वसतिगृहात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवीच.

ग्राहकमित्र_विदर्भ
माल उचलण्यासाठी बीआयएस. नागपुरात त्यांचं शाखा कार्यालय आहे, अ‍ॅपवरूनही तक्रार जाते. परवानाधारकाचा माल असेल तर ते नमुना घेऊन तपासतात. नापास झाला तर चिन्ह वापरणं थांबवायला आणि माल परत घ्यायला सांगू शकतात. परवानाच नसेल तर २०१६ च्या बीआयएस कायद्याच्या कलम २८ खाली झडती आणि जप्ती. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

तक्रार अडते ती पत्त्यापाशी. ‘बर्डीवर खोटा माल मिळतो’ एवढ्यावर कोणी छापा घालू शकत नाही. दुकानाचा नेमका पत्ता, गोदाम माहीत असेल तर तेही, चिन्हाचा जवळून फोटो आणि खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो द्या. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन परतावा मिळवून द्यायला चांगली, पण ती जप्ती करत नाही. ऑनलाइन सगळीकडे विकला जाणारा माल असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जा. २०२२ मध्ये त्यांनी चिन्ह नसलेल्या प्रेशर कुकरांबाबत विक्री संकेतस्थळांना माल परत घेऊन पैसे द्यायला लावले होते.

महालकर
हातगाडीवाला बिल देत नाही. मग?

ग्राहकमित्र_विदर्भ
खोट्या चिन्हाची खबर द्यायला बिल लागत नाही. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात खरेदीचा पुरावा लागेल, म्हणून पैसे यूपीआयने द्या. मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. बनवणाऱ्याचा पत्ताच लागत नसेल तर विक्रेत्यालाही जबाबदार धरता येतं. बिघडलेला रॉड मात्र उघडू नका, फेकूही नका. आयोग तो सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो.