वजन जास्त असलेल्या बाईला फोलिकची मोठी गोळी: द्यावी की नको?

खानापूरकरीण
माझं मत आधीच सांगते. ज्या बाईचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३० च्या वर आहे तिला फोलिक ॲसिड, म्हणजे बाळाच्या मणक्यासाठी द्यायचं ब गटातलं जीवनसत्त्व, ५ मिलिग्रॅमचं मिळायला हवं, आणि तेही दिवस राहायच्या आधी महिनाभर. इंग्लंडमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेनं २०१८ मध्ये हाच सल्ला दिला होता: आधी किमान एक महिना आणि नंतर पहिले तीन महिने.

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात अंगानं भरलेली बाई गरोदर राहिली की शुगर आणि बीपीचं बोलतात, सिझरची भीती घालतात. जीवनसत्त्वांचं कुणी काढत नाही. घरचे तर म्हणतात, ‘हिला कशाला गोळ्या, खाऊनपिऊन बरी आहे की.’ अंगावर चरबी आहे म्हणून रक्तात सगळं भरपूर असेल असं नसतं. तेवढीच गोळी घेतली तरी जाड बाईच्या रक्तात फोलेट (हेच फोलिक, अन्नातलं आणि रक्तातलं) कमी भरतं. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं. शरीरात सूज असते, त्यानं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि आतड्यातून लोह नीट शोषलं जात नाही.

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली, चार दिवस वाट बघितली, मग नवऱ्याला सांगितलं, मग दवाखाना, तोवर ती मिटलेली असते. ही नळी उघडी राहण्याचा धोका स्थूल बायांत साधारण पावणेदोनपट. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून गोळी सुरू केली तर या एका कामासाठी तिचा उपयोग नाही.

टिळकवाडी_मेडिकलवाला
ताई, आधी सुरू करा हे शंभर टक्के मान्य. ५ मिलिग्रॅम सरसकट, हे मान्य नाही. मोठ्या डोसचा भक्कम पुरावा १९९१ च्या ब्रिटिश चाचणीचा. त्यात ४ मिलिग्रॅम दिलं आणि नळी उघडी राहण्याचा दोष साधारण ७० टक्क्यांनी घटला. पण त्या बायांचं आधीचं एक बाळ या दोषाचं होतं. वजनावरून निवडलेल्या बाया नव्हत्या त्या. जागतिक आरोग्य संघटना गरोदर बायांना रोज ४०० मायक्रोग्रॅम सांगते, वजनासाठी वेगळा डोस सांगत नाही. ५ मिलिग्रॅम म्हणजे त्याच्या साडेबारा पट.

आणि स्थूल कुणाला म्हणायचं? पाच फुटांची बाई ७० किलोची झाली की बीएमआय ३० ओलांडतो. पण भारतीयांसाठी स्थूलतेची रेघ २५ वर धरतात, म्हणजे तीच बाई ५८ किलोला स्थूल. मग शहापूरच्या एकेका गल्लीत निम्म्या बायांना मोठी गोळी द्यायची का? आमच्याकडं काउंटरवर फोलिक म्हटलं की बहुतेक ५ ची स्ट्रिप निघते. ती कुणी विचार करून लिहिलेली असते असं समजू नका.

निपाणीची_लेक
बी-१२ जीवनसत्त्वाचं कुणीच बोलेना. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि मुलं वर्षानुवर्षं तपासली. २००८ साली त्यांनी मांडलं, की ज्या आयांच्या रक्तात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. आमचं घर जैन, अंडंसुद्धा चालत नाही, म्हणजे बी-१२ कमीच. आमच्यासारख्या घरातल्या जाड सुनेला आधीच शुगरचा धोका. तिला बी-१२ न तपासता महिनोन्‌महिने मोठं फोलिक चारायचं? मला हे धोक्याचं वाटतं.

भाकरीवाली_हुक्केरी
मला तर हे गोळ्यांचं खूळच पटत नाही. नाचणीची भाकरी, मेथी, शेपू, मुगाची उसळ खाल्ली की सगळं मिळतं. आमच्या आईनं कुठं घेतल्या गोळ्या? जाड बाईला आणखी गोळ्या घालण्यापेक्षा तिचं खाणं सुधारा. अंगणवाडीत मातृपूर्णाचं गरम जेवण मिळतं, तिथं जावा म्हणावं.

खानापूरकरीण
अक्का, मेथी खाऊ दे की, मी कुठं नको म्हणते? पण आपण भाजी उकळतो, पाणी पिळून टाकतो, परत फोडणीत शिजवतो. फोलेट पाण्यात उतरतं आणि उष्णतेनं मरतं. शिवाय मातृपूर्णा गरोदर राहिल्यावर सुरू होते. मी बोलतेय त्याच्या आधीच्या महिन्यांबद्दल. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचा सहभाग असलेला ‘वुमन फर्स्ट’ अभ्यास चार देशांत झाला. किमान तीन महिने आधीपासून पोषणपूरक दिलं तर बाळाची जन्मावेळची लांबी वाढते, हे त्यातून २०१९ मध्ये पुढं आलं. तो खास जाड बायांचा अभ्यास नव्हता, तरी आधी सुरू करण्याचं महत्त्व त्यातून दिसतं.

चंदगडचं_माहेर
सीमेवरची गोष्ट सांगते. माझं सासर उचगावकडं, कर्नाटकात; माहेर चंदगडला, महाराष्ट्रात. तायी कार्ड (गरोदर बाईच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) कन्नडमध्ये, त्यावर इकडच्या गोळ्या. सातव्यात माहेरी गेले, तिकडच्या डॉक्टरांना ते कार्ड वाचता येईना, त्यांनी नव्यानं सगळं लिहून दिलं. पिशवीत लोहाच्या दोन जातीच्या स्ट्रिपा, कॅल्शियमचे दोन डबे. दोन्हीकडच्या गोळ्या सुरू. त्यात आई लाल रक्ताची गोळी आणि कॅल्शियम एकदमच हातावर ठेवायची, वर चहा. कॅल्शियमनं लोह अडतं, चहानंही अडतं, हे मला कुणी सांगितलंच नाही. डोस किती यावर भांडा, पण आहे ती गोळी लागू पडेल कशी हेही सांगा कुणीतरी.

आशा_खानापूर_तालुका
आम्हाला सूचना आहेत: पहिल्या तीन महिन्यांत रोज फोलिक ४०० मायक्रोग्रॅम, चौथ्यापासून १८० दिवस ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिकची लाल गोळी, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. वजनाचा वेगळा रकाना नाही. दिवस राहायच्या आधी फोलिक घेऊन नव्या सुनेच्या घरी गेलं तर सासू दारातच विचारते, ‘हिच्यात काय दोष हाय वो?’ जाड असेल तर वर आणखी, ‘म्हणूनच राहत नाही काय?’ पोरगी आत जाऊन बसते ती बाहेर येत नाही. आता मी सासूलाच आधी बसवून सांगते, की ही बाळाच्या मणक्याची गोळी आहे, मूल राहण्याची नव्हे.

टिळकवाडी_मेडिकलवाला
मावशी, तुम्ही म्हणता ते खरं. त्यात एक भर घाला, आठवड्याची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची गोळी शेजारणीनं दिली म्हणून गरोदर बाईनं घेऊ नये. इंग्लंडात रोज ४०० युनिट सांगतात. आणि ‘ताकद येते’ म्हणून काळीज (लिव्हर) वरचेवर नको, त्यात रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्व, फार असतं आणि ते बाळाला बाधतं.

खानापूरकरीण
निपाणीच्या ताईंचं बी-१२ तपासायचं म्हणणं मी धरते. पण तपासा आणि द्या, दोन्ही करा. बी-१२ च्या भीतीनं फोलिक थांबवू नका. आणि ५ मिलिग्रॅम बारा आठवड्यांपर्यंतच, पुढं नेहमीचा डोस, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. ३० च्या वरच्या बाईसाठी मी यावर ठाम आहे.

टिळकवाडी_मेडिकलवाला
मी अजून ४०० वरच आहे. शुगर असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीचं बाळ तसं असेल, तर ५. नुसत्या वजनावर नाही.

निपाणीची_लेक
आशा मावशी, तो सासूला सांगायचा मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये इथं टाका. आमच्या गल्लीत मी स्वतः वाटते.